आखूड ढांगेचं गणित

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय.

बीड जिल्ह्यातली एक मुलगी आहे, वय १९. नाव सांगू नका म्हणाली, त्यामुळे सांगत नाही. पोलीस भरतीची तयारी करतेय. तिनं मला चाळीसेक सेकंदांचा मेसेज पाठवला, मागे ट्रॅक्टर चालू. तिची उंची १५६ सेंटीमीटर. महिला शिपाई पदाला १५५ लागते, म्हणजे मापात बसते. पण ती ज्या अकादमीत जाते तिथले सर पहिल्याच दिवशी मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात. उंच मुलींचा ग्रुप पुढे, त्यांच्या शेजारी सर स्वतः स्टॉपवॉच घेऊन. बाकीच्या मागे. त्यांना सर सांगतात, तुम्ही आपला गोळा सुधारा, आखूड ढांगेला वेग नसतो, हे सायन्स आहे.

मेसेजच्या शेवटी तिचा प्रश्न होता: "दादा, हे खरंच सायन्स आहे का, की सर आपलं असंच म्हणतात?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी मुलींना ८०० मीटरचे २० आणि १०० मीटरचे १५ असतात. म्हणजे ३५ गुण निव्वळ पायांवर. एकेका गुणावर यादीतून नाव खाली जातं तिथे हा प्रश्न गंमतीचा नाही. मी तिला लिहिलं, दोन दिवस दे, वाचून सांगतो. लागले तीन आठवडे. कारण उत्तर शोधत गेलो आणि वाटेत लंबक भेटला, मग जहाजं, मग डायनासोर, मग चंद्र. सगळे एकाच सूत्राला लटकलेले.

आधी माझं एक सांगून टाकतो. मी स्वतः सव्वापाच फूट. लहानपणी आजोबांबरोबर एसटी स्टँडवर जायचो तेव्हा ते नुसते चालायचे आणि मी त्यांच्या बाजूनं दुडकत पळायचो. ते म्हणायचे, सरळ चाल की रे, पळतोस कशाला. मला सरळ चालताच यायचं नाही त्या वेगानं. हे लक्षात ठेवा, पुढे आकडा काढू.

सुरुवात गॅलिलिओपासून. १६३८ मध्ये त्याचं शेवटचं मोठं पुस्तक आलं, दोन नव्या विज्ञानांबद्दलचं. त्यात लंबकाचा नियम आहे. दोरी लांब केली की झोका सावकाश होतो, पण दोरी चौपट केली तर झोक्याचा वेळ चौपट होत नाही, दुप्पट होतो. म्हणजे वर्गमूळ. झाडाला बांधलेला लांब झोपाळा आणि घरातला पाळणा आठवा, लगेच पटेल.

आता हा लंबक माणसाच्या कमरेला बांधला तो जर्मनीतल्या दोन भावांनी. विल्हेल्म वेबर हा भौतिकशास्त्रज्ञ, एदुआर्द वेबर हा शरीररचनेचा अभ्यासक. विल्हेल्म म्हणजे तोच, ज्यानं गाउसबरोबर १८३३ मध्ये ग्योटिंगेन शहराच्या घरांवरून तार ओढून संदेश पाठवले होते. (पुढे १८३७ मध्ये राजानं राज्यघटना रद्द केली म्हणून निषेध केला आणि नोकरी गेली. सात प्राध्यापक होते ते. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करायचाय कधीतरी.) तर या दोघांनी १८३६ मध्ये माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर एक जाडजूड पुस्तक काढलं. माणसांना चालायला लावलं, वेळ मोजला, पावलं मोजली. आणि म्हणाले, चालताना जो पाय हवेत असतो तो लंबकासारखा आपोआप पुढे झुलतो. स्नायूंना काही करावंच लागत नाही.

हे खरं धरलं तर हिशेब सोपा आहे. पाय चौपट लांब, तर पाऊल चौपट लांब. पण झुलायला वेळ दुप्पट. चार भागिले दोन, वेग दुप्पट. म्हणजे चालण्याचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

गंमत अशी की वेबर बंधूंचं "स्नायू काहीच करत नाहीत" हे म्हणणं चुकीचं निघालं. १८९० च्या दशकात लाइपझिगमध्ये ब्राउन आणि फिशर या दोघांनी माणसाच्या अंगाला चकाकणाऱ्या नळ्या बांधल्या, अंधारात त्याला चालवलं, एकाच वेळी अनेक बाजूंनी फोटो काढले आणि मग प्रत्येक सांध्याची जागा हातानं मोजत बसले. आजच्या मोशन कॅप्चरचे पणजोबाच म्हणा. त्यांच्या हिशेबात दिसलं की पाय झुलतानाही स्नायू काम करतात. म्हणजे कारण चुकलं होतं. वर्गमूळ मात्र टिकलं. ते का टिकलं, हे कळायला एका जहाजवाल्याची गरज होती.

विल्यम फ्रूड. जन्म १८१०, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला. इंजिनियर, काही काळ ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेचं काम केलेला. त्याच्या काळात इंग्लंडपुढे एक महागडा प्रश्न होता. शिडाची लाकडी जहाजं जाऊन वाफेची लोखंडी जहाजं येत होती. अवाढव्य. आणि जहाज बांधून पाण्यात सोडल्यावरच कळायचं की ते किती वेगानं पळतं आणि त्याला किती ताकदीचं इंजिन लागतं. चुकलं तर पैसा पाण्यात, शब्दशः.

मग साधी कल्पना अशी, की छोटं मॉडेल बनवा, पाण्यात ओढा, किती जोर लागतो ते मोजा. पण नामवंत जहाजबांधणीतज्ज्ञ म्हणायचे, हा पोरखेळ आहे, मॉडेलवरून खऱ्या जहाजाचं काही कळत नाही. आणि त्यांचा अनुभव खराच होता, कारण ते मॉडेल कुठल्या वेगानं ओढायचं हेच कुणाला धड ठाऊक नव्हतं.

फ्रूडनं १८६७ मध्ये डार्ट नदीवर दोन प्रकारची मॉडेलं ओढून पाहिली. एकाचं नाव 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा, टोकदार नाकाचं. दुसरं 'स्वान', म्हणजे हंस, गोलसर. प्रत्येक प्रकार तीन मापांत: ३ फूट, ६ फूट, १२ फूट. कुठलं चांगलं? तर हळू वेगाला एक, जोरात ओढलं की दुसरं. एकच उत्तर नाहीच. पण त्याची नजर जोरावर कमी आणि लाटांवर जास्त होती. जहाज चाललं की पाण्यात लाटांची नक्षी उठते ना? त्याला दिसलं की लहान मॉडेल एका विशिष्ट वेगानं ओढलं तर त्याच्याभोवतीची नक्षी मोठ्या मॉडेलच्या नक्षीची हुबेहूब छोटी प्रत होते. तो विशिष्ट वेग कुठला? लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणातला. जहाज १६ पट लांब असेल तर मॉडेल चौथाई वेगानं ओढा. मग दोघांची तुलना होऊ शकते.

कारण लाट म्हणजे काय, तर वर उचललेलं पाणी, ज्याला गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय. लंबकालाही तेच ओढतं. म्हणून वर्गमूळ दोन्हीकडे.

१८६८-६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनं शिफारस केली की प्रयोग खऱ्या जहाजांवरच व्हावेत. समितीत असहमत माणूस होता, फ्रूड. पण नौदलाचा मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड त्याच्या बाजूनं उभा राहिला आणि सरकारनं २,००० पौंड मंजूर केले. टॉर्की गावात फ्रूडनं आपल्या घराजवळ लांबलचक टाकी खोदली, वर छप्पर घातलं, रुळांवरून मॉडेल ओढायची गाडी बसवली. मॉडेलं मेणाची, म्हणजे आकार बदलायचा तर तासायचं, वितळवायचं, परत ओतायचं. १८७२ मध्ये तिथे काम सुरू झालं. मधल्या काळात १८७१ मध्ये 'ग्रेहाउंड' नावाचं खरंखुरं लढाऊ जहाज दुसऱ्या जहाजाला बांधून समुद्रात ओढलं आणि लागलेला जोर मोजला. मेणाच्या मॉडेलवरून काढलेला अंदाज त्याच्याशी जुळला. आजही जगभर जहाजांची मॉडेलं टाकीत ओढतात ती याच नियमानं.

फ्रूड १८७९ मध्ये गेला. माणसाच्या पायाबद्दल त्याला काही सिद्ध करायचंच नव्हतं.

आता जहाजावरून पायावर कसं यायचं? आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून या. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलात आणि ड्रायव्हरनं स्पीडब्रेकर जोरात घेतला, की काय होतं? तुम्ही सीटवरून उडता. गाडी हळू असती तर उडाला नसता. का? स्पीडब्रेकरवरून जाताना तुमचा मार्ग गोलाईचा असतो, वर चढून खाली येणारा. त्या गोलाईला चिकटून राहायचं तर कुणीतरी तुम्हाला खाली ओढायला हवं. सीट ओढत नाही, ती फक्त ढकलते. ओढणारं एकच, तुमचं वजन. वेग इतका वाढला की वजनाची ओढ पुरत नाही, तर तुम्ही हवेत.

चालणं अगदी हेच आहे. पाय जमिनीवर टेकलाय, ताठ आहे, आणि कंबर त्याच्यावरून पुढे जातेय. कंबर सरळ रेषेत जात नाही, ती पायाच्या लांबीच्या त्रिज्येची एक कमान काढते. प्रत्येक पाऊल म्हणजे एक स्पीडब्रेकर. पाय आखूड असेल तर कमान लहान आणि गोलाई तीव्र, म्हणजे कमी वेगातच माणूस "उडायला" लागतो. आणि दोन्ही पाय हवेत, याला आपण म्हणतो पळणं.

म्हणून वेगाचा वर्ग घ्या, त्याला गुरुत्वाकर्षण गुणिले पायाची लांबी यानं भागा. जो आकडा येतो त्याला फ्रूड संख्या म्हणतात. ती १ झाली की चालणं कागदावरसुद्धा अशक्य. प्रत्यक्षात माणूस १ ची वाट बघत नाही, साधारण ०.५ च्या आसपास आपोआप पळायला लागतो. ट्रेडमिलवर करून बघा, वेग हळूहळू वाढवा, एक क्षण येतो की पाय स्वतःच ठरवतात.

आकडे घालू. पाय ९० सेंटीमीटरचा, तर तो क्षण ताशी ७.६ किलोमीटरला येतो. पाय ५० सेंटीमीटरचा, म्हणजे चार-पाच वर्षांचं पोर, तर ताशी ५.६ ला. माझे आजोबा झपाझप चालणारे, ताशी ६ तरी असतीलच. म्हणजे आजोबांच्या बाजूनं मी दुडकत होतो तो माझा आचरटपणा नव्हता. रस्त्यानं आईबापाचा हात धरून अर्धवट पळणारं मूल दिसलं तर त्याच्यावर खेकसू नका, त्याची फ्रूड संख्या अर्ध्याच्या वर गेलेली असते.

हे नातं प्राण्यांच्या चालण्याला नेटानं लावून दाखवलं ते लीड्स विद्यापीठातल्या रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडरनं. आधी डार्सी थॉम्प्सननं १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात याला हात घातला होता, पण अलेक्झांडरनं मापं घेतली. माणसं, घोडे, हत्ती. त्याचं म्हणणं असं, की लहान-मोठे प्राणी सारख्या फ्रूड संख्येला आले की त्यांची चाल एकमेकांची छोटी-मोठी प्रत असते, फ्रूडच्या मॉडेलांभोवतीच्या लाटांसारखीच. पायाच्या लांबीच्या मानानं ढांग किती पडते, हे त्या संख्येवरून सांगता येतं.

मग त्यानं ते उलटं फिरवलं. ढांग माहीत असेल तर वेग काढता येईल ना? आणि ढांग कुणाची माहीत आहे? डायनासोरांची. दगडात त्यांची पावलं उमटलेली आहेत. पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट पायाची लांबी धरायची, दोन ठशांमधलं अंतर मोजायचं आणि सूत्रात टाकायचं. १९७६ मध्ये 'नेचर' मध्ये त्याचा हा छोटासा लेख आला. उत्तर होतं सेकंदाला १ ते ३.६ मीटर, म्हणजे आपल्या चालण्यापासून मध्यम धावण्यापर्यंत. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या प्राण्याचा वेग, मोजपट्टी आणि वर्गमूळ वापरून! सिनेमातल्या डायनासोरांच्या मानानं जरा निराशाजनक आकडा आहे, पण त्या ठशांपुरता. प्राणी चिखलातून रोज जीव घेऊन पळत नसतो.

सूत्रात दोन गोष्टी आहेत, पायाची लांबी आणि गुरुत्वाकर्षण. पाय तर माणसाला बदलता येत नाही. गुरुत्वाकर्षण बदलता येतं, फक्त त्यासाठी चंद्रावर जावं लागतं. इटलीतल्या मार्गारिया आणि काव्हान्या या दोघांनी १९६४ मध्येच, म्हणजे माणूस चंद्रावर पोचायच्या पाच वर्षं आधी, लिहून ठेवलं होतं की तिथे चालणं फार हळू वेगालाच संपेल. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या सुमारे सहाव्या भागाइतकं. आपलाच हिशेब तिथे लावला तर ९० सेंटीमीटरच्या पायाला ताशी ३ किलोमीटरच्या वर चालताच येणार नाही. ती आपल्याकडे बाजारात भाव करत फिरण्याची गती झाली. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या चाली करून बघत होता, कांगारूसारख्या दोन पायांनी उड्यासुद्धा. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. मला इतकी वर्षं वाटायचं की मजा म्हणून उड्या मारतायत. सूट जड आणि आखडलेला होता हेही आहेच, पण मुळात त्या वेगाला नीट "चालणं" त्यांना मिळतच नव्हतं.

याला एक अपवाद तुम्ही ऑलिम्पिकमध्ये पाहिला असेल, चालण्याची शर्यत. पुरुषांचे चांगले स्पर्धक २० किलोमीटर ८० मिनिटांच्या आत संपवतात, म्हणजे ताशी पंधराच्या वर. फ्रूड संख्या १ च्या कितीतरी पुढे! कसं? ते कंबर अशी मुरडतात की कमान चपटी होते, स्पीडब्रेकरची उंचीच कमी करतात. आणि खरं सांगायचं तर हाय-स्पीड कॅमेऱ्यात त्यांचे दोन्ही पाय क्षणभर हवेत दिसतातही. नियमच असा आहे की पंचाच्या उघड्या डोळ्याला ते दिसता कामा नये.

आता बीडच्या मैदानावर परत.

सरांचं म्हणणं चालण्यापुरतं धरलं तर त्यात तथ्य आहे. पण किती? १५६ उंचीच्या मुलीचा पाय अंदाजे ८० सेंटीमीटर धरू, १६६ वालीचा ८५. वर्गमूळ काढा. चालण्याची हद्द एकीची ताशी ७.१, दुसरीची ७.३ किंवा ७.४. तीन टक्क्यांचा फरक. दहा सेंटीमीटर उंचीमागे तीन टक्के. वर्गमूळ हे असं कनवाळू असतं, मोठे फरक दाबून टाकतं.

आणि भरतीत चालायचं नाहीये, पळायचंय. पळण्याला ही कमानीची हद्द लागूच होत नाही, कारण ती ओलांडली म्हणूनच तर आपण पळतोय.

पळण्याबद्दल पहिलं धक्कादायक वाक्य लिहिलं ते ए. व्ही. हिल या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञानं. स्नायूंवरच्या कामासाठी नोबेल मिळालेला माणूस. १९५० मध्ये त्यानं मांडलं की सारख्या ठेवणीचे लहान-मोठे प्राणी जवळपास सारख्याच कमाल वेगानं पळायला हवेत. मोठ्याची ढांग लांब, पण तो पावलं कमी टाकतो. लहान्याची ढांग आखूड, पण तो पावलं भराभर टाकतो. फिटंफाट. उदाहरण म्हणून व्हिपेट, ग्रेहाउंड आणि शर्यतीचा घोडा बघा. व्हिपेट हे ग्रेहाउंडचं छोटं रूप, घोड्यापुढे उंदरासारखं. आणि तिघांचा वेग ताशी ५५ ते ६५ च्या पट्ट्यात. हिलचा नियम सगळ्या प्राण्यांना लागत नाही, मुंगी काही घोड्याला गाठत नाही. पण इथे प्रश्न १५६ आणि १६६ चा आहे.

मग दोन माणसांच्या वेगात फरक पडतो कुठून? २००० साली पीटर वेयंड आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३३ धावपटू, जोर मोजणारी ट्रेडमिल. सगळ्यात हळू माणसाचा कमाल वेग सेकंदाला ६.२ मीटर, सगळ्यात वेगवानाचा ११.१. सगळ्यांना वाटत होतं की वेगवान माणूस पाय भराभर पुढे फेकत असणार. तर नाही. कमाल वेगाला पाय हवेतून पुढे आणायला लागणारा वेळ हळू आणि वेगवान माणसाचा जवळपास सारखाच निघाला! फरक होता पाय टेकल्यावर. वेगवान माणूस आपल्या वजनाच्या मानानं जमीन जास्त जोरानं मारत होता, आणि तेही फार कमी वेळात.

म्हणजे शर्यत हवेतल्या पायावर कमी आणि जमिनीवरच्या पायावर जास्त ठरते. हे वाचलं तेव्हा मी चहा ठेवून उठलो आणि खोलीत उगाच दोनदा पाय आपटून पाहिला.

पायाच्या लांबीचा काहीच फायदा नाही असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पाय टेकलेला असताना शरीर जितकं अंतर पुढे जातं, ते लांब पायाला थोडं जास्त मिळतं. उसेन बोल्ट १.९५ मीटर उंच. २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा १०० मीटरमध्ये त्याला साधारण ४१ पावलं लागली. बाकीच्यांना जास्त लागतात. पण उंच माणसाचा पाय जडही असतो, त्याला सुरुवातीला उठायला वेळ लागतो, म्हणून बोल्टसारखे उंच लोक स्टार्टला कुरकुरतात.

जड न होता पाय लांब झाला तर? हा प्रश्न खरोखर क्रीडा लवादापर्यंत गेला. ब्लेक लीपर हा अमेरिकन, जन्मापासून दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीत, कार्बनच्या पात्यांवर ४०० मीटर पळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये लवादानं निकाल दिला की त्याची पाती त्याला परवानगीपेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर उंच करतात, म्हणून त्यांवर तो सर्वसाधारण खेळाडूंबरोबर उतरू शकत नाही. त्याचा पाय "असता तर" किती लांब असता, हे एका सूत्रानं काढलं होतं. त्याच्या बाजूचा आक्षेप असा, की त्या सूत्रासाठी मोजलेल्या माणसांत कृष्णवर्णीय कुणी नव्हतंच. उंचीनं किती वेग वाढतो यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. मला स्वतःला ते सूत्र पटलेलं नाही. न मोजलेल्या माणसांवर मोजपट्टी लावणं मला बरोबर वाटत नाही.

आणि दुसऱ्या टोकाला जमैकाची शेली-ॲन फ्रेझर-प्राइस. उंची १५२ सेंटीमीटर. परत सांगतो, एकशे बावन्न. आपल्या पोलीस भरतीत ती उंचीच्या मापालाच बाद झाली असती. २००८ आणि २०१२, दोन्ही ऑलिम्पिकची १०० मीटरची सोनेरी पदकं तिची, आणि २०२१ मध्ये तिनं १०.६० सेकंद नोंदवले. लांब पल्ल्याचा राजा हाइले गेब्रसेलासी १६५ सेंटीमीटर, किपचोगे १६७. लांब पल्ल्याला तर हलकं असणं हाच फायदा. अंग तापलं की ते लवकर निवतं, आणि उचलायचं वजनही कमी.

८०० मीटर यांच्या मधलं अंतर आहे. तिथे छाती किती हवा घेते, रक्त ती किती पोचवते, पहिली फेरी किती हावरटपणे मारलीत आणि शेवटच्या दोनशे मीटरला पायात काय उरलंय, यावर खेळ असतो. ढांगेचा फरक असलाच तर या सगळ्यात बुडून जातो. आणि ढांग ओढूनताणून लांब करायला गेलात तर पाय शरीराच्या फार पुढे टेकतो आणि दर पावलाला ब्रेक लागतो. भरतीच्या मैदानावर आखूड पायाच्या मुलींना "ढांग लांब टाक" असं ओरडताना मी स्वतः ऐकलंय. नेमकं तेच त्यांना मागे ओढतं.

हे सगळं मी तिला तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. फ्रूडची टाकी वगैरे गाळून. मी कोच नाही हेही सांगितलं. म्हटलं, तुझ्या सरांचं वाक्य चालण्याला तीन टक्के लागू आहे आणि ८०० मीटरला जवळपास नाहीच. तुला स्टॉपवॉच हवंय, लांब पाय नको.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. या वेळी ट्रॅक्टर नव्हता, मैदानावरचा शिट्ट्यांचा आवाज होता. म्हणाली, "कळलं दादा. मी आता मोबाईलवरच टाइम लावते, बहीण धरून उभी राहते. पण सर अजून उंचीनंच रांग लावतात. त्यांना हे कोण सांगणार, तुम्ही?"

एपिसोडची लिंक तिला पाठवलीय. सरांना पाठवायची की नाही, ते तिनं ठरवायचंय.